बंब उशिरा आला नव्हता

मे महिना आला की आमच्या गल्लीत एक कागद येतो. हातात कोणी देत नाही, चिकटवून जातात. संडासाच्या भिंतीवर, नळाच्या खांबावर, कधी समाजमंदिराच्या दारावर. वस्ती धोकादायक ठिकाणी आहे, पावसाळ्यापूर्वी रहिवाशांनी स्थलांतर करावं, न केल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीची जबाबदारी प्रशासनावर राहणार नाही. खाली सही, सहीवर शिक्का. कुठं स्थलांतर करावं ते लिहिलेलं नसतं. आणि वित्तहानी! च्यायला, वित्त असतं तर ह्या नाल्याच्या काठावर कशाला मुतलो असतो.

दोस्तहो, हा कागद नीट वाचा. हा आपल्याला वाचवायला लिहिलेला नाही. आपण मेल्यावर फाईलला लावायला लिहिलेला आहे.

दुसरा एक कागद असतो, रंगीत, गुळगुळीत. त्यावर एक कुटुंब. बाप, आई, एक पोरगा, एक पोरगी, मागं सोफा. सगळे हसताहेत, जणू पूर येणार म्हणून खूश आहेत. खाली सूचना. तीन दिवसांचं पाणी साठवा. टॉर्च, सुका खाऊ, औषधं, महत्त्वाची कागदपत्रं एका बॅगेत भरून बॅग दाराजवळ ठेवा. आमची खोली दहा बाय बारा. माणसं सहा. नळ चाळीस मिनिटं, तोही पहाटे. दाराजवळ माझा धाकटा भाऊ झोपतो. बॅग ठेवली तर भावाला बाहेर ठेवावं लागेल.

ह्या कागदावर आम्ही नाक्यावर खूप हसलो. हसून मोकळे झालो. ह्या मोकळं होण्याचीच आता मला भीती वाटते. हा लेख त्याबद्दल आहे. आधी सरकारला शिव्या आहेत, मग आपल्याला आहेत. ज्यांना फक्त पहिला भाग आवडतो त्यांनी पण शेवटपर्यंत वाचावं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. शहर एक, आभाळ एक. मी तेव्हा लहान होतो. आईनं मला पोटमाळ्यावर फेकलं आणि स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली, एवढंच आठवतं. त्या दिवशी साकीनाक्याला टेकडी झोपड्यांवर आली, सत्तरच्या वर माणसं गाडली गेली. ह्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात. पाऊस निसर्गाचा, मान्य. पण गटारं निसर्गाची नाहीत ना? मुंबईची पावसाळी गटारं साहेबाच्या हिशेबाची, तासाला २५ मिलिमीटर पाऊस ओढणारी, तेही समुद्राला ओहोटी असली तर. १९९३ साली ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला, तासाला ५० करा म्हणाला. बारा वर्षांनी पाणी आलं तेव्हा त्यातलं बरंचसं काम कागदावरच होतं. मग पेपरात आलं की मिठी नदी झोपडपट्टीनं अडवली. विमानतळाची धावपट्टी मिठीच्या डोक्यावरून जाते. वांद्रे-कुर्ला संकुल मिठीच्या खाजणात भराव घालून उभं आहे. ते अतिक्रमण नाही. अतिक्रमण म्हणजे माझ्या आईची चूल.

पुढची यादी वाचताना मोठ्यानं वाचा. २ जुलै २०१९, मालाडचा पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर. मध्यरात्र, पाऊस, जलाशयाभोवतीची भिंत कोसळली, ३१ मेले. भिंत इंग्रजांच्या काळातली नव्हती, नुकतीच बांधलेली होती. १८ जुलै २०२१, चेंबूरचं भारतनगर, पुन्हा रात्र, पुन्हा पाऊस, पुन्हा भिंत, १९ मेले. टेकडीवरून उतरणारं पाणी भिंतीमागं साठतं. भिंतीला खाली भोकं ठेवायची असतात, पाणी झिरपून जावं म्हणून. भोकं नसली, बुजली, कमी पडली, की पाण्याचा सगळा भार भिंतीवर येतो आणि भिंत माणसांवर. गवंड्याच्या पोरालाही कळतं हे. भिंत बांधणाऱ्यांना कळत नाही असं नाही. भिंतीपलीकडं काय आहे ते जपायचं असतं, अलीकडं कोण आहे ते मोजायचं नसतं.

मी गोदीत काम करतो म्हणून आता गोदीची गोष्ट सांगतो. ती आपल्या तारखेची आहे.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागलेली. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, त्याच पोटात कापसाच्या हजारो गासड्या, आणि सोन्याच्या १२४ विटा. स्फोटकं असलेल्या बोटीनं लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंब आले, ९०० टनांवर पाणी ओतलं, आग कुठं आहे तेच सापडेना. शेवटी बोट सोडायचा हुकूम बोटीवरच्यांना सुटला. शेजारच्या बोटींवर, शेडमध्ये, धक्क्यावर काम चालूच. हमालाला कोण सांगणार? चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. जळता कापूस मांडवीच्या गल्ल्यांवर पडला. ६६ बंबवाले गेले. एकूण माणसं किती गेली? कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. म्हणजे पाचशे माणसांचा हिशेबच नाही. सोन्याच्या विटा मात्र बरोब्बर १२४, आणि गाळ उपसताना पुढं कित्येक दशकं सापडत राहिल्या. पुढं नुकसानभरपाई वाटली ती मालमत्तेच्या नुकसानीची, दावा करणाऱ्याला. दावा कोण करतो? ज्याच्याकडं कागद आहे तो. धक्क्यावरच्या हमालाची मालमत्ता त्याची पाठ. तिचा कागद नसतो.

तेव्हापासून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आपण त्या दिवशी निळ्या गुलालात असतो. गुलाल असावाच. पण ही तारीख दोन गोष्टींची आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्या दिवशी बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता आणि ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच खात्यातून त्यांनी १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना हातात घेतली, १९४५ साली कलकत्त्यात बैठका घेतल्या. पूर हा देवाचा कोप आहे असं ते म्हणत बसले नाहीत. पूर अडवायचा, वीज काढायची, शेतीला पाणी द्यायचं, असा आकड्यांचा हिशेब केला. आपण त्यांचा फोटो ट्रकवर चढवला आणि हिशेब खालीच ठेवला.

आपत्ती जात बघत नाही, असं पांढरपेशे संपादक लिहितात. अर्धं खरं. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. माती-दगडाच्या रुंद भिंतींचे वाडे बसले आणि आतली माणसं चिरडली. कुडाच्या, पत्र्याच्या खोपटात होते त्यातले बरेच वाचले. भूकंपानं खरंच जात बघितली नाही. बघितली ती नंतर. पुनर्वसनाची घरं जमिनीच्या हिशेबानं वाटली. भूमिहीनाला आणि हेक्टरभरवाल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्याच्या वर साडेसातशे. ज्याची जमीन जास्त त्याला छप्पर जास्त, आणि जमीन कोणाकडं ते मी इथं सांगायला नको. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टणमला दलितांना छावण्यांतून हाकललं, आणि कुजलेली मढी उचलायला पालिकेचे सफाई कामगार आणून लावले. मढं उचलायला आमचा हात चालतो, टाकीचं पाणी घ्यायला चालत नाही. महाडला १९२७ साली सुरू झालेलं भांडण आहे हे, संपलेलं नाही.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याचं ६१ वं कलम पाठ करा. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. तहसीलदाराच्या टेबलावर हे कलम आकड्यासकट म्हणून दाखवा, त्याच्या चहात माशी पडते.

इथपर्यंत टाळ्या पडल्या असतील. आता आपलं.

आपल्यातले चार पुस्तकं वाचलेले भाई म्हणतात, वस्तीत बादल्या भरून ठेवणं, शिट्ट्या वाटणं हा सुधारणावाद आहे. एनजीओवाल्यांची मलमपट्टी. प्रश्न घराचा आहे, जमिनीचा आहे, सत्तेचा आहे. भाई, आहेच. मी कुठं नाही म्हणतो? मोर्च्यात मी तुझ्या पुढं असतो. पण क्रांतीच्या आधी जून येतो. दरवर्षी येतो. तुझा ठराव पास होईस्तोवर टेकडी थांबणार नाही. आणि सरकार तयारी कर म्हणतं म्हणून तयारी करायची नाही, ही कसली बंडखोरी? ते श्वास घ्या म्हणाले तर?

दुसरे असतात ते याच्या उलट. ते पाणी ओसरल्यावर येतात. खिचडीची पाकिटं, चादरी, साहेबांचा फोटो असलेले बिस्किटपुडे. आपले तरुण पाकिटं वाटण्यात पटाईत झाले आहेत. वाटपाचा फोटो निघतो. कोणी न मेल्याचा फोटो निघत नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते. आमच्या वस्तीचं नाव लिहीत नाही, मंडळाचंही नाही. अशा वस्त्या शंभर आहेत, मंडळं दोनशे.

तीन वर्षांपूर्वीची १३ एप्रिलची रात्र. बाराला जयंती लागायची. मोठ्या गल्लीच्या तोंडावर आमचा मंडप. मधे कमान, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती. गल्ली बारा फुटांची, मंडपानंतर चार फूट उरली. बांबू मी बांधले होते. गोदीत ज्या गाठीवर टनाचा माल लटकतो त्या गाठी मारल्या. वर चढून नाचलो तरी हलत नव्हतं. अध्यक्षांनी पाठ थोपटली होती.

अकराच्या पुढं आतल्या गल्लीत आग लागली. एका घरात सिलिंडरची नळी सुटली होती. आमचा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, जमिनीलगत साचतो, उंबऱ्याच्या आत भरून राहतो. घरातल्या पोरानं वास आला म्हणून दिवा लावून बघितलं. बटणाची ठिणगी पुरली. पोरगा बाहेर पळाला, वाचला. वरच्या पोटमाळ्यावर मावशी होती. सगळ्या गल्लीची मावशी. गुडघे गेलेले. दर जयंतीला निळं पातळ नेसून मंडपात पहिल्या खुर्चीवर बसायची. शिडी जळाली.

बंब आला. किती वेळात आला? मी नाक्यावर होतो, मी पाहिलं. बारा-चौदा मिनिटांत आला. मंडपाशी येऊन उभा राहिला. भोंगा वाजत होता, आणि आमचे स्पीकर पण वाजत होते, कोणीतरी बंद करायला धावलं. बंबवाले ओरडले, काढा हे. आम्ही गाठींना भिडलो. सुटेनात. सुरा आणायला एक जण धावला. काथ्या ओला करून ओढलेला होता, दगड झालेला. मी बांधलेला. शेवटी त्यांनी पाइप जोडत जोडत हातानं आत नेला. त्यात जो वेळ गेला तो गेला. मावशी तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेली.

आणि मग आम्ही निवेदन दिलं. बंब उशिरा आला. दलित वस्ती म्हणून जाणूनबुजून उशीर केला. कारवाई करा. निवेदनाचा मजकूर मी लिहिला, कारण मंडळात मराठी मला येतं. सह्या दोनशे. पेपरात दोन ओळी आल्या.

बंब उशिरा आला नव्हता.

उशिरा येतात, शंभर वेळा येतात. नळाला दाब नसतो, रस्ता नसतो, फोन उचलत नाहीत, हे सगळं खरं आहे. म्हणून तर आमचं खोटं खपलं. शत्रूच्या शंभर गुन्ह्यांखाली आपला एक गुन्हा लपवायची ही सवय चळवळीला खाते आहे. मावशीला व्यवस्थेनं मारलं, हो. नाल्याकाठी, लाकडी पोटमाळ्यावर, एका शिडीच्या आधारावर तिला व्यवस्थेनंच ठेवलं. आणि वाट मी अडवली. दोन्ही वाक्यं लिहिल्याशिवाय मला कविता सुचेनाशी झाली आहे.

तर कामाचं बोलू. आपल्याला संघटना उभी करता येत नाही असं कोणी सांगू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते आणि समता सैनिक दलाची पोरंपोरी हाताला हात लावून ती सांभाळतात. हे ज्यांना जमतं त्यांना चाळीस घरांची गल्ली सांभाळता येत नाही? येते. आम्ही गेल्या पावसाळ्याआधी सुरू केलं. फार नाही केलं. घरोघर फिरून वहीत लिहिलं: कोणाला चालता येत नाही, कोण बाळंतीण आहे, कोणाला रात्री ऐकू येत नाही, आणि त्या प्रत्येकाला उचलायला कोणती दोन माणसं. नावानिशी. रात्रपाळीला जाणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, ही चूक आम्ही पहिल्यांदा केली, अर्धी यादी गोदीत आणि वॉचमनकीत होती. शेवटी बायकांची नावं घातली. त्या घरात असतात आणि पाण्याच्या हंड्यांनी त्यांचे खांदे आमच्यापेक्षा तयार आहेत.

गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही. चालू करायचं नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर फिरवायचा, दार उघडायचं, शेजाऱ्याला हाक मारायची. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत असेल तर ओलं गोणपाट वरून टाकून दाबायचं, पण हे बंबवाल्यांनी करून दाखवलेलं असलं पाहिजे, माझा लेख वाचून करू नये. बोलावलं तर येतात. आमच्याकडं आले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, एका म्हातारीनं सगळ्यांत आधी आग दाबली. वीज: पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद करायचा, आणि तो गल्लीत कोणकोणत्या पेटीत आहे ते दिवसा बघून ठेवायचं. पाण्यात चालताना काठी. २०१७ च्या २९ ऑगस्टला एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तेव्हा कुठं झाकणाखाली जाळ्या बसवायची भाषा जोरात सुरू झाली. त्याच भोकात आपला माणूस वर्षानुवर्षं उतरतो आणि गुदमरून मरतो, त्याला कोण जाळी लावणार.

गोदीवाल्याला भरती कळते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी नळाच्या खांबावर, त्यांच्या नोटिशीच्या बरोब्बर वर चिकटवा. त्या दिवशी जोराचा पाऊस लागला तर पाणी समुद्रात जात नाही, उलटं येतं. टेकडीखाली राहणाऱ्यांनी भिंतीकडं बघायची सवय लावावी: नवी चीर, फुगवटा, दार एकाएकी अडकू लागणं, खांब कलणं, भोकांतून गढूळ पाणी येणं किंवा नेहमी येणारं पाणी एकदम थांबणं. दिसलं की फोटो काढा, तारीख टाका, १९१६ वर कळवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आणि त्या रात्री तिथं झोपू नका. समाजमंदिर कशाला आहे? त्याची किल्ली एकाच माणसाकडं असते आणि तो गावी गेलेला असतो. किल्ल्या तीन करा.

कागदं प्लास्टिकमध्ये घालून उंच ठेवा. दाराजवळ नको, तिथं भाऊ झोपतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, घराचा पुरावा. सगळ्याच्या नकला दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडं. पुढच्या वेळी १४ एप्रिल १९४४ सारखा हिशेब झाला तर आपली नावं हिशेबात पाहिजेत. आणि मे महिन्यात तो कागद चिकटवायला माणूस आला की त्याला चहा द्या आणि आपला कागद त्याच्या हातात ठेवा: वस्ती धोक्यात असल्याचं तुम्ही लेखी मान्य केलं आहे, पर्यायी जागा कुठं ते लेखी द्या, पोच सही करा. तयारी ही मागणीच्या ऐवजी नाही. जिवंत माणूसच मागणी करतो, एवढंच.

गेल्या आठवड्यात यंदाच्या जयंतीची मीटिंग झाली. मी म्हटलं, मंडप गल्लीच्या तोंडावर नको, मैदानाच्या बाजूला घ्या, बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवा, आणि स्पीकरवर दोन गाण्यांच्या मधे गॅसचं सांगा. अध्यक्ष म्हणाले, समोरच्या गल्लीचा मंडप चाळीस फूट आहे, आपण कोपऱ्यात बसायचं? बाबासाहेबांना कोपऱ्यात बसवायचं? वाद झाला. एकजण मला म्हणाला, तू आता फायरब्रिगेडचा जावई झालास. हात वर करून मत घेतलं. अकरा विरुद्ध नऊ. हरलो. मंडप तिथंच होणार.

पण बांबू मीच बांधणार आहे, आणि ह्या वेळी एका ओढीत सुटणारी गाठ मारणार आहे. हे मी मीटिंगमध्ये विचारलं नाही, विचारणारही नाही. सिलिंडरची यादी करायला त्या अकरांतले चार जण काल आपणहून आले. रविवारी सकाळी दहाला मागच्या गल्लीची रुंदी मोजायची आहे. येणाऱ्यांनी दोरी आणावी, टेप एकच आहे.